वाळवंटांचा धडा आणि ३० सेंमीचा उठावदार पृथ्वीगोल

ज्यांच्या घरात सहावी ते दहावीतलं मूल आहे किंवा जे माझ्यासारखे वर्गावर भूगोल शिकवतात, त्यांनी हा पृथ्वीगोल घ्यावा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यातले दोषही लिहिणार आहे आणि ते वाचून कुणी बेत रद्द करू नये.

वस्तू अशी आहे: व्यास ३० सेंमी, प्लास्टिकचा, पर्वत बोटाला लागतील असे उठाव दिलेला. रंग प्राकृतिक, म्हणजे देशांचे गुलाबी-पिवळे तुकडे नाहीत. उंचीप्रमाणे हिरवा, पिवळा, तपकिरी. समुद्रात उष्ण आणि थंड प्रवाहांचे लाल-निळे बाण. अक्षरं इंग्रजी. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर शालेय सामानाच्या ठोक दुकानांची रांग आहे, तिथे घेतला. १,६५० रुपये सांगितले, शाळेसाठी हवाय म्हटल्यावर १,४०० ला दिला. त्याच दुकानातून जगाचा मराठी भिंतनकाशाही ३०० रुपयांना आणला. मस्जिद स्टेशनावरून दुपारच्या लोकलने खोकं मांडीवर घेऊन भांडुपला आले. संध्याकाळच्या गर्दीत तो न्यायचा विचारही करू नका.

मला तो हवा होता वाळवंटांच्या धड्यासाठी. हा धडा मुलांना सोपा वाटतो आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. वाळवंट म्हणजे वाळू, उंट आणि रणरणतं ऊन, एवढं मनात पक्कं झालं की अंटार्क्टिका, गोबी, अटाकामा, पॅटागोनिया ही सगळी नावं नुसती पाठ होतात, समजत नाहीत. खंडाखंडांतल्या वाळवंटांची तुलना करायची तर दोन गोष्टी डोळ्यांना खऱ्या दिसायला हव्यात: ती केवढी आहेत आणि ती नेमकी तिथेच का आहेत. सपाट नकाशा पहिल्या गोष्टीत फसवतो आणि दुसरीत अर्धवट मदत करतो. गोल दोन्हींत उपयोगी पडतो.

आधी नकाशाबद्दल. हा भिंतनकाशा मर्केटर पद्धतीचा आहे. या पद्धतीत विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतसं सगळं फुगत जातं. ४५ अंशांवरचा, दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडचा पॅटागोनियाचा प्रदेश क्षेत्रफळात दुप्पट होतो. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे. सहारा विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळ असल्यामुळे त्याच्या वाट्याला फारशी फुगवणी येत नाही, म्हणून बाकीच्यांच्या मानाने तो बिचारा लहान दिसतो. आणि अंटार्क्टिका? तळाशी एक पांढरी पट्टी, तीही अर्ध्यात कापलेली. कोपऱ्यात तक्ता आहे, त्यात ‘जगातील सर्वांत मोठे वाळवंट: सहारा’ असं बिनधास्त छापलंय. ‘उष्ण’ हा एक शब्द घातला असता तर वाक्य बरोबर झालं असतं. तीनशे रुपये घेऊन एवढी काळजी घ्यायला हवी होती. नकाशा वर्गात टांगलाय, पण देशांची नावं शोधण्यापुरताच.

आता गोलाकडे येऊ. ३० सेंमी व्यासाच्या गोलाचा घेर साधारण ९४ सेंमी भरतो आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किमी. म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर हा सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आणि एक चौरस सेंटिमीटर म्हणजे सुमारे १.८ लाख चौरस किमी. हा हिशेब फळ्यावर मुलांकडूनच करून घेतला. त्या प्रमाणात आपला महाराष्ट्र, ३,०७,७१३ चौरस किमीचा, १.७ चौरस सेंटिमीटरचा होतो. अंगठ्याच्या नखाएवढा.

मग पतंगाचे कागद आणले. प्रत्येक गटाला एक वाळवंट दिलं, त्याच्या क्षेत्रफळाएवढा कागद आलेखवहीवर मोजून कापायला सांगितला. सहारा सुमारे ९२ लाख चौरस किमी, म्हणजे ५१ चौरस सेंटिमीटर. अरबस्तानातलं वाळवंट २३ लाख, म्हणजे १३ च्या जवळपास. मंगोलिया-चीनमधलं गोबी १३ लाख, सात. कलहारी ९ लाख, पाच. पॅटागोनिया चारला थोडा कमी. ऑस्ट्रेलियातलं ग्रेट व्हिक्टोरिया जेमतेम दोन. थर दोन लाखांच्या थोडं पुढे, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर आणि वर किंचित. अटाकामा अर्ध्याहून जरासा जास्त. तो तुकडा कापणाऱ्या मुलीने तो हरवू नये म्हणून कंपासपेटीत ठेवला होता. अंटार्क्टिकाच्या गटाने ७८ चौरस सेंटिमीटरचा पांढरा कागद आणला तेव्हा वर्गात गलका झाला. १.४ कोटी चौरस किमी हा आकडा त्यांनी आधी ऐकला होता, पण सहाराच्या कागदाशेजारी तो कागद ठेवल्यावरच तो खरा झाला.

सहाराचा कागद गोलावर बसवताना सुरकुत्या पडायला लागल्या. सपाट कागद गोलावर नीट बसतच नाही. तो तीन-चार उभ्या पट्ट्यांत कापून सेलोटेपने लावावा लागला. नकाशावर आकार का बिघडतात हे यापेक्षा चांगलं मला बोलून समजावता आलं नसतं. एवढ्यासाठीसुद्धा १,४०० रुपये वसूल.

दोऱ्यानेही मोजलं. सहारा पूर्व-पश्चिम सुमारे ४,८०० किमी, दोरा ११ सेंटिमीटरच्या वर. काश्मीर ते कन्याकुमारी ३,२१४ किमी, दोरा साडेसात. तोच दोरा सहारावर ठेवला तर तांबड्या समुद्राकडून निघून अटलांटिकच्या बराच अलीकडे संपतो.

आता ‘तिथेच का’ हा प्रश्न. इथे गोलाचे अक्षांश आणि निळे बाण कामाला येतात. मी मुलांना मुंबईवर बोट ठेवून सरळ पश्चिमेकडे, १९ अंश उत्तर या रेषेने बोट फिरवायला सांगते. अरबी समुद्र ओलांडला की ओमानचा किनारा, मग रुब अल खालीचा वाळूचा प्रदेश, तांबडा समुद्र, सुदान, चाडचा उत्तर भाग, नायजर, माली, मॉरिटानिया आणि मग अटलांटिक. म्हणजे मुंबईच्या अक्षांशावर पश्चिमेला जी जमीन लागते ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ सगळी वाळवंटच आहे. ‘बाई, मग आपल्याकडे एवढा पाऊस कसा?’ हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आणि नाही विचारला तर मला चैन पडत नाही.

उत्तर द्यायला वेळ लागतो आणि तो द्यावा. विषुववृत्तावर तापलेली हवा वर जाते, वर जाताना आपलं बाष्प पावसाच्या रूपाने तिथेच टाकते आणि कोरडी होऊन दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरणारी हवा तापते, ढग धरू देत नाही. त्या दोन पट्ट्यांवर बोट फिरवलं की उत्तरेला सहारा, अरबस्तान, थर, अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवरचं सोनोरा. दक्षिणेला कलहारी, अटाकामा, ऑस्ट्रेलियाचा मधला भाग हाताला लागतो. सहारावरून वाहणारे व्यापारी वारे बहुतेक जमिनीवरूनच येतात, त्यांच्याकडे पाणीच नसतं. आपल्याकडे मात्र जूनमध्ये नैऋत्येचे वारे सगळा अरबी समुद्र ओलांडून, बाष्पाने भरून येतात आणि सह्याद्रीवर आदळतात. सांताक्रूझला वर्षाकाठी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा त्या चार महिन्यांत. नोव्हेंबर ते मे आपलं आकाशही कोरडंच असतं. मान्सून नसता तर आपण कुठल्या रांगेत बसलो असतो, हे त्या १९ अंशांच्या रेषेवर दिसतं.

वर्षाला २५० मिमीपेक्षा कमी पाऊस ही वाळवंटाची ढोबळ मर्यादा. ती मुंबईच्या मुलांना समजवायला एकच तारीख पुरते: २६ जुलै २००५. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला. माझ्या वर्गातल्या एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता, पण घरोघरी त्या रात्रीच्या गोष्टी आहेत. कुणाचे बाबा कुर्ल्याहून चालत आले, कुणाची आजी पोटमाळ्यावर बसून होती. त्या एका दिवसाचं पाणी जैसलमेरला चार वर्षांहून जास्त पुरलं असतं. चिलीच्या उत्तर टोकाला, अटाकामाच्या किनाऱ्यावर अरिका नावाचं शहर आहे, तिथली वार्षिक सरासरी एक मिलिमीटरसुद्धा नाही, ०.७६ मिमी आहे. तिथे एवढा पाऊस पडायला हजाराहून जास्त वर्षं लागतील.

आणि अरिका गरम नाही, हे मुलांना मुद्दाम सांगते. भर उन्हाळ्यातही तिथे दुपारचा पारा पंचवीस-सत्तावीसच्या आसपास, म्हणजे आपल्या मे महिन्यापेक्षा कितीतरी सुखाचा. मग कोरडं का? गोलावर बोट ठेवा. पश्चिमेला दक्षिणेकडून येणारा निळा बाण, हम्बोल्ट प्रवाह. थंड पाण्यावरची हवा थंड आणि जड, ती वर चढत नाही. धुकं होतं, पाऊस होत नाही. पूर्वेला अँडीजची भिंत, अ‍ॅमेझॉनकडचं बाष्प पलीकडेच अडतं. वरून उतरणारी कोरडी हवा आहेच. तिन्ही कारणं एकाच ठिकाणी जमली आहेत. मग मुलांना म्हणते, असा निळा बाण आणखी कुठे किनाऱ्याला चिकटलाय ते शोधा. आफ्रिकेच्या नैऋत्येला बेंग्वेला प्रवाह आणि त्याला लागून नामिब. सहाराच्या पश्चिम टोकाला कॅनरी प्रवाह. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने आणखी एक, खाली बाहा कॅलिफोर्नियाचं वाळवंट. एकामागून एक सापडत जातात. नामिबमधले काही भुंगे तर धुक्यात डोकं खाली घालून उभे राहतात आणि पाठीवर जमलेले थेंब घरंगळून तोंडाशी येतात. हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही पुढे सरकतात.

गोबीचा प्रकार वेगळा. तो चाळिशीच्या पुढच्या अक्षांशात, समुद्रापासून लांब आणि मध्ये हिमालय-तिबेट. मान्सूनचं बाष्प तिथवर पोचतच नाही. हिवाळ्यात उणे ४० आणि उन्हाळ्यात अधिक ४० अंशांपर्यंत पारा जातो. पॅटागोनियातही डोंगरामुळेच पाऊस अडतो: पश्चिमी वारे अँडीजवर पाणी टाकून रिकामे होतात आणि पूर्वेला थंड, कोरडा माळ राहतो. हे समजवायला लांब जायला नको. महाबळेश्वरला पाच हजार मिमीच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात टँकरची वाट बघणारी गावं. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचं गाव तिकडेच आहे. पर्जन्यछाया त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते, तिचं नाव तेवढं शाळेत कळतं.

या सगळ्यात उठावाचा फायदा फार मोठा आहे. डोळे मिटून बोट फिरवलं तरी हिमालय, अँडीज कळतात. सहाराच्या मध्यावर तिबेस्तीचा उंचवटाही बोटाला लागतो. तिथे तीन हजार मीटरच्या वरचे ज्वालामुखी आहेत, आणि सहाराच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यावर वाळू आहे, बाकी खडक आणि गोटे, हे तिथे बोट ठेवूनच सांगावं. एक खबरदारी मात्र घ्या. या प्रमाणात एव्हरेस्ट जेमतेम ०.२ मिमी उंच व्हायला हवा; गोलावर तो दोन मिलिमीटरच्या वर उचललाय. दहा पटींनी वाढवलेला आहे, हे मुलांना सांगितलं पाहिजे, नाहीतर पृथ्वी खरंच अशी खडबडीत आहे असं वाटतं.

आता दोष. सगळ्यात मोठा दोष रंगांचा. हिरवा म्हणजे सखल आणि तपकिरी म्हणजे उंच, ही जुनी पद्धत आहे आणि वाळवंटांच्या धड्यात ती घात करते. इजिप्तमधला कत्तारा खोलगट प्रदेश समुद्रसपाटीच्या १३३ मीटर खाली आहे, म्हणून तो गर्द हिरवा. ऑस्ट्रेलियातल्या एअर सरोवराचा भाग, त्या खंडातला सगळ्यात कोरडा, तोही हिरवा. मुलं साहजिकच म्हणतात, इथे जंगल आहे. गोलावर रंगांची सूची आहे, पण ती पॅसिफिकमध्ये एवढ्या बारीक अक्षरांत आहे की मला चष्मा लावूनही वाकावं लागतं. बनवणाऱ्यांनी वाळवंटांवर नुसते ठिपके छापले असते तरी काम झालं असतं. मी लाल पेनाने ठिपके काढलेत. प्लास्टिक असल्यामुळे कायमस्वरूपी मार्करच लागतो.

दुसरा दोष दक्षिण ध्रुवावर. गोल ज्या कण्यावर फिरतो त्याची खालची टोपी चार सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे अंटार्क्टिकाचा जवळपास सतराशे किलोमीटरचा मधला भाग तिच्याखाली गेला. जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट आणि त्याचाच गाभा झाकलेला. आतल्या पठारावर वर्षाला पाण्याच्या हिशेबात ५० मिमीच्या आसपासच बर्फ पडतो. ‘बाई, बर्फ आहे म्हणजे पाणी आहे ना, मग वाळवंट कसं?’ हा प्रश्न तिथेच सुटतो: पडतं अगदी थोडं, पण वितळत नाही, म्हणून लाखो वर्षांचं साठत जाऊन सरासरी दोन किलोमीटर जाड थर झालाय. वोस्तोक हे रशियाचं संशोधन स्थानक सुदैवाने टोपीच्या बाहेर येतं. २१ जुलै १९८३ ला तिथे उणे ८९.२ अंश नोंदवले गेले. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियाची डेथ व्हॅली, १० जुलै १९१३, ५६.७ अंश. पृथ्वीवरच्या थंडीचा आणि उष्णतेचा, दोन्ही विक्रम वाळवंटांच्याच नावावर आहेत आणि दोघांत जवळपास १४६ अंशांचं अंतर आहे. टोपी लहान करणं कारखान्याला अवघड नाही, करावंच.

तिसरं, नावांबद्दल. कलहारीवर सरसकट वाळवंट असं छापलंय, पण तिच्या बऱ्याच भागात २५० मिमीच्या वर पाऊस पडतो, गवत असतं, झाडं असतात. ते वर्गात तोंडी सांगावं लागतं. युरोपात एकही नाव नाही, ते मात्र बरोबर आहे. स्पेनमधलं ताबेर्नास हे छोटं वाळवंट या प्रमाणात दिसणारच नाही.

टिकाऊपणाबद्दल मी खूश आहे. शाळेतला आधीचा गोल कागदी पट्ट्या चिकटवलेला होता. पावसाळ्यातल्या दमटपणाने पट्ट्या सुटल्या, बुरशी धरली. हा दोन प्लास्टिकच्या अर्धगोलांचा आहे, ओल्या फडक्याने पुसता येतो, पावसाळा काढूनही जसाच्या तसा आहे. दोन अर्धांचा जोड विषुववृत्तावर येतो आणि तिथली पट्टी काही नावं खाते, पण आपल्या धड्याला त्याचा त्रास नाही: वर चढणाऱ्या हवेच्या त्या पट्ट्यात, पूर्व आफ्रिकेचा कोरडा भाग सोडला, तर वाळवंटं नाहीतच.

घेताना एक गोष्ट तपासा. छपाई आणि उठाव जुळतात का ते बघा. आम्हाला पहिल्यांदा दाखवलेल्या गोलावर अँडीजचा उंचवटा छापलेल्या डोंगररांगेपासून दोन मिलिमीटर सरकलेला होता. दोन मिलिमीटर म्हणजे ८५ किलोमीटर; अटाकामा डोंगरावर चढून बसलेला. दुकानदारांनी कुरकुर न करता वरच्या माळ्यावरून दुसरे काढून दिले, ‘मॅडम, सगळे फिरवून बघा’ म्हणाले, आणि खरंच बघू दिले. त्यांचं हे वागणं मला फार आवडलं. चिलीच्या किनाऱ्यावरून बोट फिरवणं ही सगळ्यात सोपी परीक्षा.

२० सेंमीचा स्वस्तातला गोल घेऊ नका, त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे सहाशे किलोमीटरच्या वर, अटाकामाचं नावही मावत नाही. आतून दिवा लागणारा आठशे रुपयांनी महाग होता. या धड्याला त्याचा काही उपयोग नाही. पतंगाचा कागद मात्र सोबत घ्याच, त्याच रस्त्यावर मिळतो.